शेवटच्या घागरीचं गणित

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजातल्या कडुलिंबाचा फुलोरा व्हरांड्यात गळायला लागतो आणि मुलं एकदम अभ्यासू दिसायला लागतात. वर्षभर ज्यांचं तोंड पाहिलं नाही, ती पोरं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात. "मॅडम, प्रोसेस कंट्रोलचे महत्त्वाचे प्रश्न सांगा ना." मी सांगत नाही. त्यापायी लातुरात माझं नाव पुरेसं वाईट झालेलं आहे. यंदा एका मुलीनं मात्र वेगळंच विचारलं. "मॅडम, कारखान्यात सगळं कंट्रोलरच करतो. ते यंत्र स्वतःला जुळवूनही घेतं. मग ही डिफरन्शियल इक्वेशन्स आम्ही कशासाठी सोडवायची?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, तरी मला राग आला. मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. राग ओसरल्यावर आठवलं, की हाच प्रश्न मी तिच्या वयात बिरादार सरांना विचारला होता, आणि तोही नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

नांदेडच्या कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनच्या वर्गात तेव्हा आम्ही तीन मुली होतो. तिसऱ्या वर्षाला प्रोसेस कंट्रोल आलं आणि साऱ्या वर्गानं त्यावर एकच उपाय काढला, घोकंपट्टीचा. ट्रान्सफॉर्मच्या सूत्रांचा तक्ता मी आंघोळीला जाताना म्हणायची. एक टाकी, तिच्यात येणारं पाणी, तिच्यातून जाणारं पाणी, या गणिताचं शेवटचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण ते समीकरण निघतं कुठून, हे मी कधी पाहिलंच नाही. डीएच बाय डीटी, म्हणजे पाण्याची उंची बदलायचा वेग, ही मला उत्तराच्या आधी काढायची रांगोळी वाटायची. परीक्षेत टाकीचा आकार बदलला आणि मी निमुळत्या टाकीला सरळ टाकीचं उत्तर लिहून आले. अक्षर सुंदर होतं. मार्क अठरा पडले.

बिरादार सर उदगीरचे. बोलताना शब्द शेवटी जरा उचलायचे, सीमेकडची माणसं उचलतात तसे. मी तावातावानं विचारलं, "सर, कारखान्यात कोण बसतं ही समीकरणं सोडवत?" ते फळा पुसत म्हणाले, "तुला भाकरी करता येते का?"

"नाही येत, सर."

"मग तुझे दोन विषय राहिले म्हणायचे."

वर्ग हसला. मला रडू आलं, पण मी ते गिळलं. सर मात्र हसत नव्हते. "भाकरी टाकल्या टाकल्या भाजत नाही. जाळ मागं ओढला तरी तवा लगेच निवत नाही. घरची बाई हे ध्यानात धरून आधीच जाळ ओढते. मशीनला हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला आधी कळावं लागतं. तू चिन्हं सोड. आधी मराठीत वाक्य लिही. आलं किती, गेलं किती, साठलं किती. एवढंच समीकरण असतंय. त्याला काय भ्यायचं?"

मी भीत नव्हते, मी चिडले होते. उन्हाळ्यात विषय पुन्हा राहिला असता तर वर्ष जाणार होतं. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, की या खेपेला विषय निघाला नाही तर गुमान डी.एड. करायचं आणि मास्तरीण व्हायचं. मास्तरीण होण्यात वाईट काही नव्हतं. पण ज्या खोलीत रंगीत तारा, गेज आणि व्हॉल्व्ह होते, ती खोली सोडून जायची माझी तयारी नव्हती. जी गोष्ट मला येत नव्हती, तीच मला हवी होती.

मार्चअखेर पाण्याअभावी होस्टेल बंद झालं आणि मी वह्यांची पिशवी घेऊन एस.टी.त बसले. लोहा, अहमदपूर, दोन्ही अंगांना भेगाळलेली काळी रानं. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दादा निलंग्याच्या तहसिलात कारकून होते, ते आता लातूरला कलेक्टर कचेरीत टँकरच्या टेबलावर आले होते. कचेरीच्या निम्म्या शाखा भाड्याच्या घरांत. पाट्यांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलेलं, आणि रंग पातळ असल्यानं खालचं उस्मानाबाद वाचता यायचं. दादांना त्या नव्या जिल्ह्याचा भारी अभिमान. "आधी निलंग्याचा कागद उस्मानाबादला पोचूस्तोवर हीर आटून जायची. आता दोन दिसात टँकरची मंजुरी यायलीय," असं ते येईल त्याला सांगायचे.

आज मी वर्गात डेड टाइम शिकवते तेव्हा दादांचं हे वाक्य सांगते. इकडं व्हॉल्व्ह फिरवला आणि तिकडं परिणाम दिसायला वेळ गेला, तर त्या मधल्या वेळात माणूस घाबरून आणखी फिरवतो आणि सगळं बिघडवून ठेवतो. तो वेळ कमी करणं हीसुद्धा एक करामत असते. जिल्हा त्यासाठीच झाला असेल असं नाही, पण आमच्या घरात तरी त्याचा अर्थ तोच होता.

आमची कॉलनी गावाच्या कडेला. जिल्हा आला, पाठोपाठ नोकरदार आले, नळ तेवढे मागं राहिले. गल्लीच्या तोंडाशी चौथऱ्यावर सिमेंटची टाकी होती, माणसाच्या डोक्याहून उंच, खाली दोन तोट्या. सकाळी सहाला टँकरवाले खाजाभाई येऊन ती भरायचे, आणि सव्वासहाला तोट्या सुटायच्या. ओल्या सिमेंटचा वास सुटायचा, आणि त्या ओलाव्यावर चिमण्या यायच्या. पहाटेपासून घागरी रांगेत मांडलेल्या. गावाकडं आमच्या वस्तीचा आड वेगळा होता. इथं सगळ्यांच्या घागरी एकाच रांगेत लागायच्या. आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना झाली की दादा दारात येऊन ती रांग बघत उभे राहायचे. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे समाधान असायचं, ते मी पुढं त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नाही.

रांगेत सगळ्यात शेवटी गयाबाई. पन्नाशीची, काटक बाई. दोन घरची धुणीभांडी उरकून यायची, त्यामुळं तिची घागर कायम शेवटी. तोटीखाली घागर लावली की ती पुटपुटत ओवी म्हणायची. मी एकदा विचारलं, देवाची का? ती म्हणाली, "देवाची कशाची, येळंची. पहिल्या घागरीला एक ओवी लागती. माझ्या घागरीला सहा." मी ऐकलं आणि विसरले. तेव्हा मी पुस्तकातून शिकत होते.

खाजाभाईंची दुसरी खेप कधीही यायची. कधी टाकी कोरडी पडून तासभर झालेला असायचा आणि बाया उन्हात बसून राहायच्या. एक दिवस त्यांनीच विचारलं, "बेटी, तू इंजिनेर है ना? टाकी कब खाली होती, टैम बोल दे. मैं उसी टैम आता." सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी फुलून गेले, खोटं कशाला बोलू. दादांचं घड्याळ आणलं, पहिल्या पाच-सात घागरी भरायला किती वेळ लागतो ते मोजलं, टाकीत घागरी किती ते काढलं, आणि गुणाकार करून ठणकावून सांगितलं, "साडेसात."

गयाबाई रांगेच्या टोकाकडून ओरडली, "अगं न्हाई होत साडेसातला! लई येळ लागतंय!" मी हात हलवला. तिला काय कळतंय, असं मनात आलं होतं. आजही ते आठवलं की कान तापतात.

दुसऱ्या दिवशी खाजाभाई साडेसातला हजर. पाइप टाकीत सोडला, कॉक उघडला आणि समोर चहाला गेले. टाकीत पाव हिस्सा पाणी तसंच होतं. ते वरून कुणाला दिसणार? जरा वेळानं टाकीच्या काठावरून पाणी सुटलं, चौथऱ्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून फुफाट्यात. बाया किंचाळल्या, कुणी पदर लावला, कुणी परात. खाजाभाई धावत येईपर्यंत जायचं ते पाणी गेलं होतं. ती ओली माती मी हातानं गोळा करत होते, कशासाठी ते मलाही माहीत नाही. एक बाई म्हणाली, "शिकून हेच केलीस का?"

शेजारच्या गल्लीनं अर्ज दिला, की अमुक गल्लीत पाणी रस्त्यावर सोडलं जातं, सबब त्यांची दुसरी खेप बंद करावी. अर्ज आला तो दादांच्याच टेबलावर. मुलीचं नाव त्यात असल्यानं त्यांनी एक शब्द न घालता तो वर पाठवला, आणि आमची दुसरी खेप चार दिवस बंद झाली. पहिल्याच दिवशी गयाबाईचा नंबर येईस्तोवर तोट्यांनी हवा फुंकली. ती रिकामी घागर कमरेवर घेऊन परत जाताना मी पाहिली. आमच्या घरातल्या दोन घागरी भरलेल्या होत्या. मी त्यातली एक तिच्या दारात ठेवून आले, पण तिच्याशी बोलायचं धैर्य झालं नाही.

संध्याकाळी दादांनी डी.एड.चा फॉर्म माझ्या वहीवर ठेवला. रागावले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. "सुजाता, जे जमत न्हाई त्याच्यामागं किती लागायचं?" मी म्हणाले, "जमेपर्यंत." माझा आवाज चढला होता, पण खात्री नव्हती. कारण मला नुसतं पेपरातलंच नाही, दारातलंही गणित आलं नव्हतं.

सकाळी मी आमची घागर उचलून रांगेत शेवटी, गयाबाईच्याही मागं नेऊन ठेवली. ती बघत राहिली. मी म्हणाले, "काकू, माझं चुकलं." तिनं तंबाखू चोळत सरळ सांगितलं, "तू पहिल्या घागरीवरनं हिसाब केलीस. म्या रोज शेवटी उभी राहतेय, मला इचारायचं होतं. टाकी भरलेली आसती तवा धार जोरात आसती. पानी उतरलं की धार मरती. तू सांगितलीस त्याच्या दुप्पट येळ लागतंय. रोज."

सरांच्या वर्गात चार महिने बसून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथं घागरीवर बसून शिरलं. धार किती, हे पाणी किती उंच त्यावर अवलंबून. पाणी किती उतरतं, हे धार किती त्यावर अवलंबून. म्हणजे टाकी जितकी रिकामी होते, तितकी तिची रिकामी व्हायची घाई कमी होते. क्षणाक्षणाला बदलणारी गोष्ट एका क्षणाच्या मापानं मोजता येत नाही. बदलण्याचा नियमच धरावा लागतो, आणि त्या नियमाचं नाव डिफरन्शियल इक्वेशन. ती रांगोळी नव्हती. मूळ वाक्य तेच होतं, आणि माझं पाठ केलेलं उत्तर त्याचं शेपूट.

मी एका वेळूच्या काठीवर चुन्याच्या खुणा केल्या. रोज शिडीवर चढून दर दहा मिनिटांनी पाणी मोजलं. खाली गयाबाई ओव्या मोजायची. वर्गात आम्ही सोयीसाठी धार उंचीच्या प्रमाणात धरत असू. टाकी ते मानत नव्हती. तिची धार उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे होती. ते घातलं, सोडवलं, आणि उत्तर आलं तेव्हा मी आमच्या घराच्या ओट्यावरून ओरडले, "दुप्पट! बरोबर दुप्पट!" गयाबाई म्हणाली, "मंग म्या काय म्हनत होते?"

इथं आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न खरा उभा राहतो. गयाबाईला समीकरणाशिवाय उत्तर माहीत होतं, तर समीकरण कशाला? हा प्रश्न मी त्या ओट्यावर बसून स्वतःला विचारला, आणि मला छळणारा तो एकमेव प्रश्न होता. पेपरला आठवडा राहिला होता.

उत्तर आपोआप आलं. खेप पुन्हा सुरू झाली, पण शहराबाहेरची विहीर खाली गेली होती. एका सकाळी खाजाभाई अर्धाच टँकर घेऊन आले. टाकी निम्मी भरली. दुसऱ्या खेपेला कधी यायचं? माझ्याकडं न बघताच त्यांनी गयाबाईला विचारलं. ती म्हणाली, "भरल्या टाकीला पावणेनऊ होतात. आर्धी हाय, साडेसातच्या आत कोरडी पडंल." निम्मं पाणी, निम्मा वेळ. सगळ्यांना पटलं. मी काठी घातली, वहीवर आकडे मांडले. पाणी निम्मं, पण धार आधीच मंदावलेली. वेळ निम्मा नाही, दहातले सात हिस्से.

"आठ," मी म्हणाले.

पुन्हा चुकले असते तर मी स्वतःच डी.एड.चा फॉर्म भरला असता, हे मी मनाशी ठरवलेलं होतं. अर्धी टाकी त्या गल्लीत कुणीच पाहिलेली नव्हती, गयाबाईनंसुद्धा. खाजाभाईंनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "किसका सुनू मैं?"

गयाबाईनं मान तिरकी करून माझी वही पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. "तिचं ऐक," ती म्हणाली. "आता ती मागं उभी राहून मोजायलीय."

साडेसातला तोट्या चांगल्या वाहत होत्या. पावणेआठला धार करंगळीएवढी. आठला दोन-तीन मिनिटं असताना दोन्ही तोट्या ठिबकायला लागल्या, आणि कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. मी शिडीवरून खाली उतरले. दादा कचेरीला निघालेले, सायकल धरून केव्हापासून उभे होते कोण जाणे. "पेपर कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"मंग हितं काय करायलीस? उद्याची गाडी धर."

पेपरात पाण्याची टाकी नव्हती. आली होती ती भट्टी, तिच्यात शिरणारी उष्णता आणि भिंतींतून निघून जाणारी उष्णता. असली भट्टी मी कधी पाहिलेली नव्हती. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आधी मराठीत वाक्य लिहिलं, मग चिन्हं. इंटिग्रेशनमध्ये एके ठिकाणी घसरले, ते बाहेर आल्यावर कळलं. पण ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्याबद्दल काही खरं सांगता येतं, ही ताकद हातात आल्याचं मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. गयाबाईला जे माहीत होतं, ते तिनं पाहिलेल्या टाकीबद्दल होतं. समीकरण न पाहिलेल्या टाकीबद्दलही बोलतं. मात्र ते शहाणं होतं रांगेच्या शेवटी उभं राहून. माझ्या विद्यार्थिनीला मी परवा हे असंच सांगितलं. तिला कितपत पटलं माहीत नाही. तिला लॅबमधली टाकी निम्मी भरून दिली आहे, आणि कंट्रोलर बंद करून ठेवला आहे.

मृग कोरडा गेला. निकाल लागला तेव्हाही आभाळ पांढरंच होतं. नांदेडला नोटीस बोर्डापुढच्या गर्दीत घुसून मी माझा नंबर शोधला. मार्क चाळीस. पास व्हायला चाळीसच लागायचे. बिरादार सर मागून म्हणाले, "एकही जास्त न्हाई मिळाला का गं?" मी म्हणाले, "सर, वाया काही गेलं नाही." ते खो खो हसले, आणि मीही त्या वर्षात पहिल्यांदा मोकळी हसले.

पहाटेची गाडी धरून दहाच्या सुमारास कॉलनीत पोचले. टँकर त्या दिवशी उशिरा आला असणार. टाकी भरून खाजाभाई जायच्या तयारीत होते, रांग लागलेली होती, आणि पहिल्या दोघींच्या घागरी तोट्यांखाली निम्म्या झाल्या होत्या. माझी घागर कुणीतरी शेवटी मांडून ठेवली होती. गयाबाईनं लांबूनच विचारलं, "निघाला का इषय?"

"निघाला."

"बरं झालं बाई. आता सांग, खाजाभाईला पुन्हा कवा बोलवायचं? आज कितीक भरलीय कुनाला ठाऊक."

मी पिशवी खाली ठेवली. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. शिकून हेच केलीस का म्हणणारीही त्यांत होती, तोटीपाशी पहिलीच. "आधी मोजते," मी म्हणाले. "तोवर पाणी हलायला नको."

त्या बाईनंच हात पुढं केला आणि निम्म्या भरलेल्या घागरीवरची तोटी बंद केली.